श्रमिकांचे घर : परवडण्याचा अर्थ आणि धोरणाची कसोटी

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजांमध्ये निवारा तिसरा गणला जातो. मात्र मिळवायला सर्वांत अवघड तोच. अन्नधान्य रोजच्या मजुरीतून घेता येते, वस्त्र वर्षातून एकदोनदा घेतले तरी चालते. घरासाठी मात्र माणसाला पुढील पंधरा-वीस वर्षांची कमाई आजच तारण ठेवावी लागते. शिवाय घर ही एका ठिकाणी स्थिर असणारी वस्तू आहे. धान्य पंजाबातून केरळात नेता येते, घर नेता येत नाही. त्यामुळे घराचा विचार करताना ते किती किमतीला मिळाले, याबरोबरच ते कोठे मिळाले, हाही प्रश्न विचारावा लागतो. गृहनिर्माणविषयक धोरणाच्या चर्चेत पहिल्या प्रश्नाला भरपूर जागा मिळते, दुसऱ्याला फारच थोडी. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार करावयाचा आहे.

या दुसऱ्या प्रश्नाची दखल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार दशकांपूर्वीच घेतली होती. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या लोकांना हटविण्याच्या कारवाईतून निर्माण झालेल्या ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. माणसे पदपथावर राहतात ती हौसेने नव्हे, तर काम तेथून जवळ आहे म्हणून. त्यांना तेथून दूर करणे म्हणजे त्यांची उपजीविका हिरावणे होय, आणि उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. अर्थात, पदपथ अडवून राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. योग्य सूचना देऊन व रीतसर प्रक्रियेने त्यांना हटविता येईल, असेही सांगितले. तथापि, निवारा आणि रोजगार यांची सांगड या निकालाने अधोरेखित केली. विद्यार्थ्यांनी हा निकाल केवळ घटनेच्या अभ्यासक्रमातील एक खटला म्हणून न पाहता शहरी अर्थशास्त्रातील एक मूलभूत धडा म्हणूनही पाहावा.

टंचाईचे खरे स्वरूप

शहरी घरटंचाईचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अंदाज २०१२ चा आहे. केंद्र सरकारने प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तांत्रिक गटाने देशातील शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी असल्याचे सांगितले. त्यातील सुमारे ५६ टक्के टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांत आणि सुमारे ४० टक्के अल्प उत्पन्न गटात होती. म्हणजेच मध्यम व उच्च उत्पन्न गटांचा वाटा जेमतेम ४ टक्के होता.

या आकड्याची फोड अधिक उद्बोधक आहे. त्यातील सुमारे १ कोटी ५० लाख कुटुंबे दाटीवाटीच्या घरांत राहणारी होती, सुमारे २३ लाख कुटुंबे मोडकळीस आलेल्या जुन्या घरांत, सुमारे १० लाख कुटुंबे दुरुस्तीपलीकडच्या कच्च्या घरांत आणि सुमारे ५ लाख ३० हजार कुटुंबे पूर्णतः बेघर होती. याचा अर्थ असा, की टंचाईतील दर पाचांपैकी चार कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर होते. परंतु ते पुरेसे नव्हते. एकाच खोलीत दोन पिढ्या, विवाहित मुलगा व सून, शिकणारी मुले अशी ही दाटी आहे.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. एकीकडे पावणेदोन कोटींहून अधिक घरांची उणीव आणि दुसरीकडे एक कोटीहून अधिक कुलूपबंद घरे, ही विसंगती समजून घेतल्याशिवाय धोरण समजत नाही. देशात घरे बांधली जात नाहीत असे नाही; ज्यांना हवीत त्यांना पेलतील अशा किमतीत, अशा जागी आणि अशा अटींवर ती उपलब्ध होत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

‘परवडणारे’ म्हणजे काय?

‘परवडणारे घर’ हा शब्दप्रयोग सर्वत्र रूढ असला, तरी त्याची व्याख्या प्रसंगपरत्वे बदलते. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि ३ ते ६ लाख रुपये उत्पन्नाचे कुटुंब अल्प उत्पन्न गटातील मानले जाते. वस्तू व सेवा करासाठी मात्र, १ एप्रिल २०१९ पासून, महानगरांत ६० चौरस मीटर व अन्यत्र ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे घर ‘परवडणारे’ ठरते व त्यावर १ टक्का कर आकारला जातो. ४५ लाखांचे घर वर्षाला ३ लाख मिळविणाऱ्या कुटुंबाला परवडणार नाही, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून कोणतीही योजना अभ्यासताना ‘कोणाला परवडणारे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

सर्वसाधारणपणे घरासाठीचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. केवळ हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दरमहा २५ हजार रुपये मिळविणारे, म्हणजे वार्षिक ३ लाख रुपये उत्पन्नाचे कुटुंब दरमहा ७,५०० रुपये हप्ता भरू शकते. व्याजदर ९ टक्के व मुदत २० वर्षे धरल्यास १ लाख रुपये कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ९०० रुपये येतो. म्हणजे या कुटुंबाला सुमारे ८ लाख ३० हजार रुपयांचे कर्ज पेलते. त्यात स्वतःची १ लाखाची बचत आणि केंद्राचे दीड लाखाचे साहाय्य मिळविले, तर एकूण क्रयशक्ती सुमारे १० लाख ८० हजार रुपये होते.

आता खर्चाची बाजू पाहू. ३० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या घरासाठी भिंती, जिना व सामाईक जागा धरून सुमारे ४० चौरस मीटर, म्हणजे ४३० चौरस फूट बांधकाम करावे लागेल. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर ८ लाख ६० हजार रुपये लागतील. जमीन, रस्ता, पाणी, मलनिःसारण, शुल्क व नफा या सर्वांसाठी मिळून उरतात ते सुमारे २ लाख २० हजार रुपये. विटा, वाळू, सिमेंट व मजुरी या कुटुंबाच्या आवाक्यात आहेत; आवाक्याबाहेर आहे ती जमीन. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. अशा निर्णयांचा उपयोग निश्चितच आहे, पण मोठ्या शहरांतील प्रश्नाचा गाभा जमिनीपाशीच येऊन थांबतो.

धोरणाची वाटचाल

स्वातंत्र्यानंतरच्या धोरणाचा आरंभच कामगारांच्या घरांपासून झाला. १९५२ मध्ये अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना सुरू झाली. १९७० मध्ये गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ (हुडको) स्थापन झाले. राज्याराज्यांत गृहनिर्माण मंडळे उभी राहिली. या काळात शासन स्वतः घरे बांधत असे. नागरी लोकसंख्येच्या वाढीच्या मानाने ही घरे थोडी पडली, आणि पुढे शासनाची भूमिका बांधकाम करणाऱ्याकडून वित्तपुरवठा व नियमन करणाऱ्याकडे सरकत गेली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात शहरी गरिबांच्या घरांसाठी स्वतंत्र घटक होते. २००७ च्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण व अधिवास धोरणाने ‘सर्वांसाठी परवडणारी घरे’ हे उद्दिष्ट मांडले.

२५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. तिचे चार घटक होते : जागच्या जागी झोपडपट्टी पुनर्विकास, कर्जाशी निगडित व्याज अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर करावयाचे बांधकाम. या योजनेत सुमारे १ कोटी १८ लाख घरे मंजूर झाली व त्यांपैकी ९० लाखांहून अधिक पूर्ण झाली. घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा संयुक्त नावे असावे, ही अट सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची ठरली. १ सप्टेंबर २०२४ पासून या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात पाच वर्षांत आणखी १ कोटी कुटुंबांना साहाय्य देण्याचे आणि त्यासाठी २ लाख ३० हजार कोटी रुपयांच्या केंद्रीय साहाय्याचे नियोजन आहे. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना या टप्प्यात स्वतंत्र घटकाचे स्थान मिळाले, ही लक्षणीय बाब होय.

घटनात्मक चौकटही ध्यानात ठेवावी. जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, जमीनवापराचे नियमन, झोपडपट्टी सुधारणा हे विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे. म्हणजे पैसा बऱ्याच अंशी केंद्राकडून येतो, जमीन राज्याच्या अखत्यारीत असते आणि पाणी व रस्ता महानगरपालिकेला द्यावा लागतो. तिघांपैकी एकाचा हात आखडला, तरी घर अडते.

अनुदानाचे सामर्थ्य आणि मर्यादा

व्याज अनुदानाने किती फरक पडतो? २०१५ ते २०२२ या काळातील योजनेत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना ६ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान होते. त्याचे आजचे मूल्य काढून कमाल २ लाख ६७ हजार रुपये आरंभीच कर्जखात्यात जमा होत. ९ टक्के दराने ६ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो. अनुदानानंतर तो सुमारे ३,००० रुपयांवर येत असे. दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान असून त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार रुपये आहे.

हे साहाय्य मोलाचे आहे. तथापि त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा पुरवठ्याच्या लवचीकतेची. जेथे नव्या घरांचा पुरवठा सहज वाढतो, तेथे अनुदान ग्राहकाच्या पदरात पडते. जेथे जमीन व परवानग्या यांच्या अडचणींमुळे पुरवठा वाढत नाही, तेथे अनुदानामुळे वाढलेली मागणी किमतीच वाढविते आणि अनुदानाचा काही भाग जमीनमालकाच्या खिशात जातो. दुसरी मर्यादा लाभार्थ्यांच्या निवडीची. मंजूर झालेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे ‘स्वतःच्या जागेवर बांधकाम’ या घटकातील होती. जागच्या जागी झोपडपट्टी पुनर्विकासाचा वाटा सर्वांत कमी राहिला. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे त्याला घर बांधणे सोपे झाले. परंतु गाव सोडून शहरात आलेला बांधकाम मजूर, हॉटेलातील कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणारी महिला यांच्याकडे ना जमीन असते, ना बँकेला दाखविण्याजोगी वेतनपावती. महानगराला ज्यांची सर्वाधिक गरज, तेच योजनेच्या काठावर राहतात.

जमीन : कळीचा प्रश्न

शहरी जमिनीची टंचाई काही प्रमाणात नैसर्गिक, तर बऱ्याच प्रमाणात नियमांनी निर्माण झालेली असते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू थोर होता. मोठ्या शहरांतील अतिरिक्त जमीन संपादून ती गरिबांच्या घरांसाठी द्यावयाची, असा तो होता. प्रत्यक्षात सूट मिळविणे व कोर्टकज्जे यांतच जमिनी अडकून पडल्या. केंद्राने १९९९ मध्ये हा कायदा रद्द केला. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला. हेतू आणि परिणाम यांत किती अंतर पडू शकते, याचे हे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

दुसरे साधन म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, याची मर्यादा. आपल्या उदाहरणातील ४० चौरस मीटरच्या घराला निर्देशांक १ असताना ४० चौरस मीटर जमीन लागते, २ असताना २० चौरस मीटर. हाताशी उरलेल्या २ लाख २० हजार रुपयांत पहिल्या स्थितीत चौरस मीटरला ५,५०० रुपये, तर दुसऱ्या स्थितीत ११,००० रुपये दराची जमीन घेता येते. मात्र निर्देशांक मोजक्याच भूखंडांना वाढवून मिळाला, तर त्या भूखंडांची किंमत तेवढी वाढते आणि घर पूर्वीइतकेच महाग राहते. तसेच पाणी, मलनिःसारण व वाहतूक यांची क्षमता वाढविल्याविना उंच इमारती उभारल्या, तर दाटी घरातून रस्त्यावर येते, एवढेच.

तिसरा मार्ग गुजरातने चोखाळला आहे. मुंबई इलाख्यातील १९१५ च्या नगररचना कायद्यापासून चालत आलेली नगररचना योजनेची पद्धत तेथे १९७६ च्या कायद्याने पुढे नेण्यात आली. शहराच्या वेशीवरील विखुरलेल्या शेतजमिनी एकत्र करून त्यांची पुनर्रचना केली जाते. प्रत्येक मालक थोडी जमीन सोडतो. त्यातून रस्ते, उद्याने, शाळा यांना जागा मिळते, आणि १० टक्क्यांपर्यंत क्षेत्र दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखता येते. मालकाला रस्त्यालगतचा, अधिक मूल्याचा भूखंड परत मिळतो. सक्तीच्या संपादनाचा कडवटपणा टळतो आणि वाढलेल्या मूल्याचा एक वाटा समाजाला मिळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मोठ्या शहरांतील ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे. त्यामागील विचारही हाच आहे.

चौथा मार्ग ओडिशाचा. २०१७ च्या कायद्याने तेथे झोपडपट्टीवासीयांना ते राहतात त्या जमिनीवर वारसाहक्काने जाणारा हक्क देण्यास प्रारंभ झाला. हा हक्क तारण ठेवता येतो, पण विकता येत नाही. ‘जागा मिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाची आंतरराष्ट्रीय स्तरावरही दखल घेतली गेली. उद्या कोणी हटवील ही भीती गेली, की कुटुंब स्वतःच भिंत पक्की करते, शौचालय बांधते. शिवाय कामाची जागा सुटत नाही.

भाड्याचे घर : उपेक्षित पर्याय

१९६१ मध्ये भारताच्या शहरांतील ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. या घसरणीचे एक कारण भाडेनियंत्रण कायद्यांत आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर महागाईत भाडेकरूंना त्याचा आधार झाला, हे नाकारता येणार नाही; पण पुढे अर्धशतकभर भाडे तेवढेच राहिल्याने मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी नवीन इमारती बांधणे थांबले. १९६९ मध्ये मुंबईतील १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती दुरुस्तीसाठी उपकर योजनेखाली घ्याव्या लागल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे अवाजवी असल्याचे सांगितले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली.

भाड्याने दिलेले घर परत मिळेल की नाही, ही धास्ती आणि मिळणारे भाडे मुदत ठेवीच्या व्याजापेक्षाही कमी, या दोन कारणांनी अनेक मालक घर रिकामे ठेवणे पसंत करतात. जून २०२१ मध्ये केंद्राने संमत केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात लेखी करार, निवासी घरासाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत व तंट्यांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण सुचविण्यात आले. विषय राज्यांचा असल्याने त्याची अंमलबजावणी राज्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

२०२० च्या टाळेबंदीत लाखो श्रमिक शहरे सोडून पायी निघाले. दुर्दशेची अनेक कारणे होती. त्यांतील एक असे, की मजुरी थांबताच त्यांना शहरात राहण्याचा ठाव उरला नाही. त्यानंतर जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना मंजूर झाली. पूर्वीच्या योजनांतील रिकाम्या पडलेल्या सुमारे ८३ हजार सरकारी घरांचे भाड्याच्या घरांत रूपांतर करावयाचे होते. पुढील काही वर्षांत प्रत्यक्षात सुमारे ५,६०० घरांचेच झाले. उद्योगांजवळ नव्याने बांधण्याच्या दिशेने मात्र आशादायक पावले पडली. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरनजीक वल्लम वडगल येथे राज्याच्या औद्योगिक महामंडळाने मुख्यतः इलेक्ट्रॉनिक उद्योगातील महिला कामगारांसाठी १८,७२० जणींच्या निवासाची संकुले उभारली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. केरळमध्ये पालक्काड जिल्ह्यातील कांजिकोड या औद्योगिक पट्ट्यात श्रम खात्याच्या पुढाकाराने परप्रांतीय कामगारांसाठी ‘अपना घर’ हे वसतिगृह सुरू झाले आहे.

अंतराचा खर्च

पुनर्वसनाची घरे बहुधा स्वस्त जमिनीवर, म्हणजे शहराच्या टोकाला बांधली जातात. दिल्लीतील सावदा घेवरा, चेन्नईतील कण्णगी नगर व पेरुंबक्कम ही त्याची परिचित उदाहरणे. पुन्हा आपल्या काल्पनिक कुटुंबाकडे वळू. नवरा-बायको दोघेही कमावतात; ती तीन घरी स्वयंपाक करते. शहरातील एका खोलीचे भाडे ६,००० रुपये व प्रवासखर्च ५०० रुपये, असे एकूण ६,५०० रुपये लागतात, म्हणजे उत्पन्नाच्या २६ टक्के. आता त्यांना शहराबाहेर अनुदानित घर मिळाले. हप्ता ३,००० रुपये, देखभाल ७०० रुपये. म्हणजे घराचा खर्च उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्याही आत आला. कागदावर हे यश आहे. परंतु दोघांचा प्रवासखर्च ३,००० रुपये झाला, आणि बसची वाट पाहण्यात वेळ गेल्याने तिला एका घरचे २,५०० रुपयांचे काम सोडावे लागले. एकूण भार ९,२०० रुपये, म्हणजे पूर्वीच्या उत्पन्नाच्या सुमारे ३७ टक्के झाला. घर मालकीचे झाले हा लाभ खरा आहे आणि दीर्घ काळात तो मोठाही आहे. पण पहिली काही वर्षे तग धरता आली तरच तो पदरात पडतो. अनेक पुनर्वसन वसाहतींत घराला कुलूप लावून किंवा ते पोटभाड्याने देऊन कुटुंबे पुन्हा जुन्या वस्तीकडे का परततात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

याउलट, सोलापूरनजीक कुंभारी येथील अनुभव वेगळी बाजू दाखवितो. विडी वळणाऱ्या महिलांसाठी केंद्र, राज्य व स्वतः कामगार यांच्या वाट्यातून तेथे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेतून ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आकाराला आला व त्यातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थ्यांना मिळाली. विडी घरी बसून वळली जाते. तिच्यासाठी घर हेच कामाचे ठिकाण असते. त्यामुळे शहराबाहेरचे घरही उपयोगी ठरते, मात्र पान-तंबाखू मिळण्याची व तयार विड्या देण्याची सोय जवळ हवी. यंत्रमाग कामगार किंवा फेरीवाल्याला मात्र तेथून शहर गाठावेच लागते. त्याच्यासाठी बस ही घराइतकीच आवश्यक आहे. कोणत्या श्रमिकासाठी घर बांधतो आहोत, हे ठाऊक असले म्हणजे ते कोठे बांधावे, हे ठरविता येते.

पुढील दिशा

अन्य देशांच्या अनुभवातूनही हाच बोध होतो. सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापून १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमीन सार्वजनिक मालकीत आणली. आज तेथील तीन चतुर्थांशाहून अधिक रहिवासी या मंडळाच्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरील घरांत राहतात. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ मध्ये खास गृहनिर्माण कर बसवून घरे बांधण्यास आरंभ केला. आज तिच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे भाड्याने दिलेली आहेत. एकाने मालकीचा, दुसऱ्याने भाड्याचा मार्ग धरला. दोघांनीही जमिनीवरील पकड सोडली नाही आणि घरांना वाहतुकीशी जोडले. भारताचा विस्तार व संघराज्य रचना पाहता त्यांची नक्कल शक्य नाही, परंतु तत्त्व घेता येते.

त्या दृष्टीने चार गोष्टी आवश्यक वाटतात. शहरांच्या आत पडून असलेल्या सार्वजनिक जमिनींचा काही निश्चित भाग विक्रीऐवजी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने श्रमिकांच्या भाड्याच्या घरांसाठी द्यावा. २०१७ च्या वाहतूककेंद्रित विकास धोरणाला अनुसरून मेट्रो व उपनगरी रेल्वेच्या स्थानकांजवळ वाढीव निर्देशांक देताना लहान घरांची अट घालावी. भाडेकरार कायद्याची अंमलबजावणी राज्यांनी हाती घ्यावी. आणि प्रत्येक गृहप्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी, तेथून कामाच्या ठिकाणी पोहोचण्यास किती वेळ व पैसा लागेल, याचा लेखी हिशेब मागावा. या शेवटच्या सूचनेला फारसा खर्चही नाही.

आजवर योजनांचे यश मंजूर झालेल्या व पूर्ण झालेल्या घरांच्या संख्येवरून मोजले गेले. ती मोजणी आवश्यकच आहे. परंतु किल्ली दिल्यानंतर पाच वर्षांनी त्याच घरात तेच कुटुंब राहते आहे का, त्याची कमाई टिकली आहे का आणि मुले शाळेत जात आहेत का, हेही मोजले गेले पाहिजे. पदपथावरील माणसांविषयी १९८५ मध्ये न्यायालयाने जे ओळखले, ते आपल्या गृहनिर्माण योजनांच्या मूल्यमापनात अद्याप पुरेसे उतरलेले नाही. ज्या घरातून सकाळी कामावर वेळेत पोहोचता येते आणि महिनाअखेर हप्ता किंवा भाडे भरूनही चूल पेटती राहते, तेच श्रमिकाच्या दृष्टीने परवडणारे घर होय.